झाडाखालच्या सावलीत मोंडो ग्रास लावताना: लव्हाळा काढण्यापासून फुटवे फोडण्यापर्यंत

आंब्याखाली, इमारतीच्या उत्तरेला, दोन भिंतींच्या बोळात हिरवळ टिकत नाही. मग कोणीतरी मोंडो ग्रास सुचवतं. रोपं येतात, एका रविवारी लावून होतात, आणि वर्षाच्या आत अर्धी जागा लव्हाळा या तणाने भरते, उरलेल्या जागेत करपलेल्या टोकांचे झुपके दिसतात. हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की चुका आता तोंडपाठ आहेत. जवळजवळ सगळ्यांचं मूळ त्या नावात आहे. नावात ग्रास असलं तरी हे गवत नाही. शतावरीच्या कुळातलं, पट्टीसारख्या पानांचं, सावकाश वाढणारं बहुवर्षायू झाड आहे. लॉनसारखं लावलं, लॉनसारखं कापलं, लॉनसारखा युरिया टाकला की ते बिघडतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. लावणी पाचव्या टप्प्यावर आहे. सुरुवात मे महिन्यात करायची आहे.

## टप्पा १: सावली मे महिन्यात मोजा

डिसेंबरात जागा पाहून निर्णय घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणून हिवाळ्यात पूर्ण सावलीत असलेल्या उत्तरेच्या भिंतीलगतही मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी ऊन येतं. तिथे लावलेल्या झाडांची पानं वायव्येकडून येणाऱ्या त्या उतरत्या उन्हाने करपतात, आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

एक दिवस सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ४ वाजता जागेचा फोटो काढा. सकाळचं दोन-तीन तास ऊन चालतं, पानांच्या पट्ट्यांचा रंगही त्याने खुलतो. दुपारी बारानंतरचं थेट ऊन देशावर नको. विदर्भात-मराठवाड्यात तर सकाळी नऊनंतरचंही टाळा.

झाडाखाली लावणार असाल तर ते झाड पानं कधी गाळतं हे आधी आठवा. काटेसावर, पांगारा, शिरीष, गुलमोहर ही झाडं नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर उघडी पडतात. पावसाळ्यात त्यांच्याखाली लावलेली रोपं मार्चमध्ये भाजतात. आंबा, फणस, चिकू, बकुळ यांची सावली बारमाही असते, तिथे भरवसा धरा. वड-पिंपळ आणि फायकसच्या इतर जातींखाली वरच्या मातीत मुळांची इतकी दाट जाळी असते की जमिनीत लावण्यात अर्थ नाही. तिथे कुंड्याच ठेवा. निलगिरीखाली प्रयत्नच करू नका.

तपासा: दुपारी २ च्या फोटोत जिथे उन्हाचा सलग पट्टा दिसतो, ती जागा आराखड्यातून वगळा. पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके चालतात.

## टप्पा २: जमीन, म्हणजे आधी लव्हाळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोंडोला जागा भरायला दीड-दोन वर्षं लागतात. लव्हाळ्याला एक पावसाळा पुरतो. एकदा लव्हाळ्याची पाती मोंडोच्या झुपक्यातून वर आली की ती उपटताना हातात फक्त पाती येते, गाठ खालीच राहते, आणि ओढाताणीत मोंडोचं मूळ हलतं. लावणीनंतर यावर समाधानकारक उपाय नाही. दाट सावलीत लव्हाळा आपोआप दुबळा होतो, पण कडेला, जिथे थोडं ऊन येतं, तिथून तो आत शिरतो.

तो काढायची पद्धत अशी.

१. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जागेवरचा पालापाचोळा, दगड, बांधकामाचा राडारोडा काढून घ्या.

२. जागा भरपूर भिजवा आणि आठ-दहा दिवस थांबा. लव्हाळा उगवून दिसू द्या.

३. प्रत्येक पातीच्या बाजूने खुरपं खोल घाला आणि गाठीसकट काढा. गाठी एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. एक सापडली की दोरा धरून पुढची शोधा. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत मिळतात.

४. पुन्हा भिजवा, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. असं तीनदा करा. तिसऱ्या फेरीत मूठभर गाठी निघाल्या तर जागा तयार आहे. घमेलंभर निघाल्या तर चौथी फेरी करा आणि लावणी पुढे ढकला. घाई करणाऱ्यांची रोपं मी दुसऱ्या वर्षी पुन्हा उपटताना पाहिली आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

सावधान: टिकाव किंवा यंत्र चालवून जागा सरसकट उकरू नका. गाठींची साखळी तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उगवते. शिवाय आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटतात. प्लास्टिक अंथरून माती तापवण्याचा उपाय सावलीत लागू पडत नाही, कारण तापायला ऊनच नाही. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका.

फेऱ्या सुरू असतानाच निचरा पाहून घ्या. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी उतरायला हवं. काळ्या मातीत ते बऱ्याचदा उतरत नाही. अशा ठिकाणी बारीक वाळू मिसळू नका, काळ्या मातीत ती घट्ट बसते. दर १० चौरस फुटांना एक घमेलं कुजलेला पालापाचोळा आणि अर्धं घमेलं गांडूळखत वरच्या चार इंचांत खुरप्याने मिसळा. कोकणातल्या जांभ्यावर उलट अडचण असते, पाणी थांबतच नाही. तिथे पालापाचोळ्याचं खत दुप्पट घ्या.

झाडाखाली भर टाकायची झाली तर दोन इंचांपेक्षा जास्त नको, आणि खोडाभोवतीची दीड फूट जागा मोकळी सोडा. सहा-आठ इंच लाल माती ओतून वाफा केला की जुन्या मुळांना हवा मिळत नाही. मोंडोच्या हौसेपायी आंबा वाळला असं व्हायला नको.

कच्चं शेणखत वापरू नका. त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं खातात. ट्रॉलीवाल्याने "चांगलं कुजलेलं आहे" म्हटलं तरी मूठभर हातात घेऊन पाहा. शेणाचा वास येत असेल, मूठ गरम लागत असेल, तर ते कुजलेलं नाही.

## टप्पा ३: रोपं निवडताना

नर्सरीत मोंडो या एका नावाखाली निदान चार वेगळी झाडं विकली जातात. अंतर, उंची, वेग सगळं त्यावर ठरतं, म्हणून नावापेक्षा झाड पाहा.

साधा हिरवा मोंडो, ओफिओपोगॉन जापोनिकस, अरुंद पानांचा, वीतभर ते फूटभर उंच असतो आणि जमिनीखालून धावती खोडं सोडून पसरतो. त्याचाच बुटका प्रकार दोन-चार इंचांचा, फार सुंदर आणि फार हळू. फरश्यांमधल्या फटींसाठी तो घ्या, मोठ्या जागेसाठी नको. पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटभर रुंद पानांचा जो मोठा प्रकार सगळीकडे दिसतो तो बहुतेक वेळा ओफिओपोगॉन जाबुरान असतो. तो झुपक्यानेच वाढतो, पसरत नाही. चौथं लिरिओपी. पानांवरून ते ओळखणं कठीण, फुलांवरून सोपं. लिरिओपीचा जांभळा तुरा पानांच्या वर ताठ उभा राहतो आणि फळं काळी असतात. ओफिओपोगॉनची फुलं पानांच्या आत मान खाली घालून असतात आणि नंतर निळे मणी धरतात.

काळ्या पानांचा मोंडो फोटोत मोहवतो. आपल्या उन्हाळ्यात तो जेमतेम जगतो. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यालगत नर्सऱ्यांची रांग आहे, तिथे किंवा तुमच्या गावच्या नर्सरीत, पिशवीची खालची बाजू आधी पाहा. मुळं पांढरी, टणक हवीत. तपकिरी आणि दाबल्यावर साल सुटणारी नकोत. एका पिशवीत बारा-पंधरा फुटवे असतील तर ती घ्या. तीन फुटव्यांच्या स्वस्त पिशव्या शेवटी महाग पडतात. आणि पिशवीतल्या मातीतून लव्हाळ्याची पाती डोकावत असेल तर ते रोप परत ठेवा.

किती लागतील याचा हिशेब: ६ इंच अंतरावर चौरस फुटाला ४ गुच्छ (गुच्छ म्हणजे झुपका फोडून केलेला तीन ते पाच फुटव्यांचा तुकडा), ८ इंचांवर सव्वादोन, फूटभर अंतरावर १. साध्या हिरव्याला ६ ते ८ इंच, जाबुरान आणि लिरिओपीला १० ते १२, बुटक्याला ४. म्हणजे १०० चौरस फुटांत ८ इंचांवर लावायचं तर सव्वादोनशे गुच्छ. एका भरलेल्या पिशवीतून चार गुच्छ निघतात असं धरलं तर ५७ पिशव्या. साठ घ्या.

## टप्पा ४: माती धुवा, मग फोडा

नर्सरीतून आणलेली पिशवी फाडून मातीसकट खड्ड्यात ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. मोंडोसाठी ती मोडा. त्या लाल मातीत लव्हाळ्याच्या गाठी आणि आंबोशी या तणाचे कंद असतात. महिनाभर खपून साफ केलेल्या जमिनीत तुम्हीच ते परत पेरता.

रोपं आदल्या संध्याकाळी भिजवा. सकाळी बादलीत बुडवून माती पूर्ण सोडवा, मुळं उघडी दिसेपर्यंत. काळी-तपकिरी गोल गाठ दिसली की काढून टाका.

मुळं धुतल्यावर त्यांच्यावर मधेमधे पांढुरके, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळते फुगीर भाग दिसतील. ही कीड किंवा सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांची) गाठ नाही. झाडाने पाणी आणि अन्न साठवायला केलेली ती कोठारं आहेत. लोक रोग समजून ती कापतात, आणि मग पहिल्या उन्हाळ्यात रोप तग धरत नाही. सूत्रकृमीच्या गाठी वेड्यावाकड्या, खडबडीत, मुळात मिसळून गेलेल्या असतात आणि मुळं आखूड झालेली दिसतात. तशी दिसली तर पूर्ण पिशवी बाजूला काढा.

आता झुपका दोन्ही हातांत धरून बुडख्याशी हळूहळू पिळत सोडवा. बहुतेक ठिकाणी तो स्वतःच कुठे फुटायचं ते दाखवतो. अडला तरच धारदार सुरी बुडख्यातून सरळ खाली उतरवा. प्रत्येक गुच्छात तीन ते पाच फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत.

सावधान: जास्त रोपं व्हावीत म्हणून एकेक फुटवा वेगळा करू नका. हरळीचे तुकडे टोचले की लॉन होतं, तेच इथे करायला जातात. एकटा फुटवा महिनोन्महिने तसाच बसून राहतो, आणि मोकळ्या जमिनीत तण येतं. पैसे कमी असतील तर या वर्षी अर्धीच जागा नीट अंतराने लावा.

पानं लांब असतील तर वरचा तिसरा हिस्सा कापा. फोडलेले गुच्छ ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. मुळं अर्धा तास वाऱ्यावर पडली तरी सुकायला लागतात.

## टप्पा ५: लावणी

देशावर दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, जूनच्या अखेरीपासून जुलैभर लावा. कोकणात जुलैच्या झडीत लावलेली रोपं उघडी पडतात किंवा सडतात. तिथे पावसाचा जोर ओसरेपर्यंत, भाद्रपदापर्यंत थांबा. पाण्याची सोय पक्की असेल तर लावणी दिवाळीपर्यंत चालते. मार्च-एप्रिलमध्ये मात्र नाही.

दोरी आणि मोजपट्टीने खुणा करा, सरळ ओळींऐवजी त्रिकोणी मांडणीत. जागा लवकर झाकली जाते. खड्डा खुरप्याने करा. खाली झाडाचं बोटाएवढं जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, दोन इंच बाजूला सरका.

मग येते खोली. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त रोपं इथे मेली आहेत. पानांची पांढरट बुडं जिथे मुळांना मिळतात तो बुडखा मातीच्या पातळीवर हवा. खाली नको, वर नको. रोप पक्कं बसावं म्हणून लोक ते इंच-दोन इंच खोल दाबतात. भर पावसात बुडख्यात पाणी साचतं, आतलं कोवळं पान पिवळं पडतं, आणि ओढलं की वास मारत हातात येतं. माझ्या पहिल्या वाफ्यातली बरीच रोपं अशीच गेली. तेव्हापासून मी रोप किंचित उंच धरतो, कारण माती बसल्यावर ते आपोआप खाली येतं.

मुळं खाली पसरवा, माती भरा, बोटांनी बाजूने दाबा. पायाने तुडवू नका. झारीने पाणी घाला.

तपासा: पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने परत फिरा. ज्याच्या पानांच्या मधोमध माती शिरली आहे ते रोप बोटाने मोकळं करा. एक पान धरून हलकं ओढा. रोप उचललं गेलं तर पुन्हा दाबा.

माणसं जिथून चालत जातात तिथे आत्ताच शहाबादी फरशीचे तुकडे टाका. मोंडो अधूनमधून पडलेलं पाऊल सोसतो, रोजची वाट नाही.

## टप्पा ६: पहिले तीन महिने

काहीच वाढत नाही असं वाटेल. मुळं धरेपर्यंत वर नवीन पान दिसत नाही, आणि याच काळात घाबरून युरिया टाकला जातो. टाकू नका. पहिले दोन महिने कुठलंच खत नको.

पाऊस असेल तर पाणी नको. उघडीप असेल तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच द्या. साधारण दिवसाआड लागतं, महिन्यानंतर आठवड्यातून दोनदा.

तण दर आठवड्याला, पाती दोन पानांची असतानाच काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे. महिनाभर सोडलं तर दिवसाचं होतं. गुच्छांच्या मधल्या जागेत कुजक्या पाल्याचा इंचभर थर द्या, बुडख्यापासून दोन बोटं दूर.

पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन फिरा. शंखी गोगलगाई कोवळी पानं खातात. त्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यावर मीठ शिंपडू नका, गोगलगाईबरोबर मोंडोही जातो.

## टप्पा ७: पुढे वर्षभर

खत वर्षातून दोनदा पुरतं, पावसाच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या सुमारास. गांडूळखताचा बोटाच्या पेराएवढाही थर नको, अर्धं पेर पुरे, गुच्छांच्या मध्ये. सोबत थोडी निंबोळी पेंड.

पाण्याबाबत एक गोष्ट आंबेवाल्यांनी लक्षात ठेवावी. ऑक्टोबर ते डिसेंबर आंब्याला मोहोरापूर्वी कोरडा ताण हवा असतो. त्या काळात खाली रोज पाणी दिलंत तर मोहोराऐवजी पालवी येते. मोंडोच्या मुळांत साठा असतो, तो आठ-दहा दिवसांतून एकदा झारीने वरवर दिलेल्या पाण्यावर निभावतो. मोहोरावर तुडतुडे आले की त्यांचा चिकटा खाली पानांवर पडतो आणि त्यावर काळी काजळी चढते. ती मोंडोचा रोग नाही. ओल्या फडक्याने किंवा पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा, बुरशीनाशक वाया घालवू नका.

टोकं तपकिरी होत असतील तर तीन कारणं, याच क्रमाने तपासा: दुपारचं ऊन, क्षारांचं बोअरचं पाणी, जास्त खत. मातीवर पांढरी पापडी दिसली तर कारण पाणी. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने जागा भरपूर भिजवून क्षार खाली उतरवा. एसीतून गळणारं पाणी यासाठी चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि रोप सहज उचलून हातात आलं, खाली मुळंच नसली, तर ती हुमणी. आजूबाजूची माती उकरून पांढऱ्या, सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या वेचून काढा.

पट्ट्यांच्या मोंडोत मधेच पूर्ण हिरवा फुटवा निघाला तर तो मुळासकट काढा. तो जोमदार असतो आणि दोन वर्षांत पट्टेवाल्यांना झाकून टाकतो.

छाटणी दरवर्षी लागत नाही. जुनी पानं फारच विटली असतील तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर चार इंचांवर एकदा कात्रीने कापा. कापण्यापूर्वी झुपका बाजूला सारून नवीन कोंब कुठवर आले आहेत ते बघा. त्यांची टोकं कापली गेली तर ती बोथट पानं पुढचं वर्षभर तशीच दिसत राहतात. लॉनचं यंत्र फिरवू नका, ते बुडख्यालाच लागतं. बुटक्या प्रकाराला कात्री लावायची गरजच नाही.

तिसऱ्या किंवा चौथ्या पावसाळ्यात झुपके मधून विरळ दिसू लागले की एकाआड एक उचला, धुवा, फोडा आणि अर्धे परत त्याच खड्ड्यात लावा. उरलेल्या गुच्छांतून, नवीन पिशव्या न आणता, शेजारची तेवढीच जागा भरते. फक्त त्या जागेतला लव्हाळा मेपासूनच काढायला घ्या.